चंद्रभागाबाईचा दम

विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या पाइपाच्या बुडाशी जाळीची झडप असते, तिला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात. शहादेव भोई जन्मभर फुटबॉल काढत आला. आष्टी तालुक्यातल्या निम्म्या विहिरींचे तळ त्यानं हातानं चाचपले होते. मैदानावरचा फुटबॉल त्यानं कधी पाहिला नाही, आणि त्याचं त्याला काही वाटतही नसे.

बुडी मारताना त्याच्या कमरेला दोर असे आणि दोराचं दुसरं टोक बायकोच्या, चंद्रभागाबाईच्या हातात. झटका बसला की ओढायचं, अशी बोली होती. पण तिची स्वतःची रीत वेगळी होती. नवरा पाण्याखाली गेला की वर बसून तीही श्वास धरायची. आपला दम सुटला की झटका येवो न येवो, ओढायचं. एकदा ती माहेरी गेलेली असताना सटवा गाडीवानानं दोर धरला. सटवा तंबाखू थुंकायला बाजूला वळला आणि शहादेव अर्धमेला वर आला. तेव्हापासून शहादेवचा एकच नियम होता: दोर तिच्या हातात, नाहीतर मी काठावर.

बारा-तेराच्या दुष्काळात तलाव तळाला गेला आणि गावचे नळ बंद पडले. तलावाच्या मधोमध सोडलेल्या पाइपाचा फुटबॉल चोंदला होता. तिथवर जायला गावात होडी एकच, मच्छीमार सहकारी संस्थेची. ती अनुदानातून आली त्याच वर्षी पावसानं दडी मारली, म्हणून ती चेअरमन राधाकिशनच्या अंगणात उपडी पडून होती आणि तिच्यावर त्याच्या घरचे पापड वाळत असत.

राधाकिशन नियमाचा पक्का. होडीत फक्त सभासदानं बसायचं. शहादेव सभासद होता, चंद्रभागाबाई नव्हती. दोर मी धरतो, असं राधाकिशन म्हणाला. मग बुडीही तुम्हीच मारा, असं शहादेव म्हणाला. शेवटी काठावरच सभा घेऊन तिला सभासद करून घ्यायचं ठरलं.

होडी सोडायची कुठं, यावर आणखी एक सकाळ गेली. धरणाच्या भिंतीकडून सोडावी तर दगडांवर बूड फाटणार. देवळाकडचा काठ वरून वाळून भेगाळलेला, पण खाली मांडीएवढा चिखल. तिथं रुतलेली म्हैस काढायला सगळं गाव लागलं होतं. राहिली जुनी गाडीवाट, तलाव झाला तेव्हा पाण्यात गेलेली. तिच्याखाली मुरूम होता. सटवाची टायरची बैलगाडी तिथवर न्यायची, उलटी फिरवून मागं रेटायची आणि होडी पाण्यात घसरवायची, असा बेत झाला. सटवाचा एक बैल लंगडा, म्हणून तो यंदा ऊसतोडीला गेला नव्हता. होडी गाडीवर डुगडुगत होती, तेव्हा वजनाला चंद्रभागाबाई दोर घेऊन आत बसली. गाडीवरच्या होडीत बसायला नियमाची आडकाठी नव्हती.

काठावर सभा भरली. बहुतेक सभासद ऊसतोडीला गेलेले, गणपूर्ती होईना. राधाकिशननं सभा अर्धा तास तहकूब केली. तीच माणसं अर्ध्या तासानं त्याच जागी बसली की सभा कायदेशीर होते. सहकाराला हे मान्य आहे. तोवर सगळे बाभळीखाली जाऊन टेकले, गाडी जुंपलेलीच ठेवून सटवासुद्धा.

बैलांना मात्र तहकुबी कुणी सांगितली नव्हती. टँकरच्या बादलीवर दिवस काढलेले ते बैल, आणि समोर पाणी. ते सरळ चालू लागले, पाठ बुडेपर्यंत आत शिरले आणि पिऊ लागले. तहानलेले बैल पाण्याकडं पाठ करून चालत नसतात, हे बैलांवर पोट असलेल्या गावात कुणालाच सुचलं नव्हतं. गाडी बुडाली तशी होडी अलगद उचलली गेली आणि चंद्रभागाबाईसकट तरंगू लागली.

राधाकिशननं घड्याळ पाहिलं. अर्धा तास व्हायचा होता. त्यानं तिला ताबडतोब खाली उतरायला सांगितलं. कुठं उतरू, असं तिनं विचारलं. याचं उत्तर संस्थेच्या नियमांत नव्हतं. मग वेळ भरेपर्यंत ती तिथंच तरंगली, वेळ भरल्यावर सभासद झाली, आणि शहादेव पोहत जाऊन होडीत चढला.

मधोमध जाऊन त्यानं बुडी मारली. फुटबॉलच्या जाळीला खताचं पोतं गुंडाळून बसलं होतं. ते ओढता ओढता सुटलं, आणि त्याच वेळी आपल्यात काही उरलं नाही हे त्याला कळलं. झटका द्यायला त्यानं दोर चाचपला, पण बोटं मिटेनात. हल्ली दम पुरत नाही, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. तेवढ्यात कमरेला ओढ बसली.

वर आल्यावर तो होडीला लटकून बराच वेळ खोकत राहिला. काम झालं का, असं राधाकिशननं काठावरून विचारलं. शहादेवनं पोतं वर करून दाखवलं. मग हळूच बायकोला म्हणाला, "आज लवकर वढलंस."

"पैल्यासारका दम न्हाई राहत माजा," ती म्हणाली. "काम अर्धं राहिलं म्हनून रागवाल, असं वाटलं."

शहादेवला रडू आलं. तोंड ओलंच होतं, त्यामुळे काठावर कुणाच्या लक्षात आलं नाही.

"माजाबी न्हाई राहत," तो म्हणाला.

चंद्रभागाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, त्याच्या कमरेची गाठ सोडली आणि दोर गुंडाळायला घेतला. तिकडं सटवा बैलांना हाका मारत होता आणि बैल अजून पीतच होते.

"मंग आता दोगंबी काठावर बसू," ती म्हणाली.