रंजनाच्या तोंडावरचे डाग

सकाळी सुरेशचा फोन आला. "मीनाताई, रंजनाताई गेली..." मी नीट उठून बसायच्या आत त्यानं विचारलं, "तिचा एखादा चांगला फोटो कुठं भेटंन?" बहिणीचं अंग अजून थंड झालं नव्हतं, आणि या धाकट्या भावाला 'चांगला' फोटो हवा होता. त्याच्या 'चांगला'चा अर्थ मला पुढं कळला.

रंजना माझी शाळेपासूनची मैत्रीण. भंडाऱ्याजवळ शहापूरला हायवेच्या कडेला तिचा फोटो स्टुडिओ होता. तोंडावर कोडाचे दोन पांढरे डाग, एक डाव्या डोळ्याभोवती आणि एक ओठाच्या कोपऱ्यावर. दहावीनंतर ते उमटले, तेव्हापासून घरचे तिला लग्नाकार्यात मागच्या खोलीत बसवायचे. मग ती गळ्यात कॅमेरा अडकवून त्याच लग्नांत सगळ्यांच्या समोर उभी राहू लागली. "आता सारे माह्याकडंच पाहतेत," म्हणायची.

लग्नाच्या पोरींच्या आया यायच्या, "बाई, थोडी गोरी करून दे." रंजना द्यायची करून, पोट त्यावरच होतं. पण मूळ फोटोला हात लावत नसे. कॉम्प्युटरवर त्याच्यावर एक उजळ थर ठेवायची, थराला मास्क लावायची आणि ब्रश घेऊन बसायची. मास्कवर काळा ब्रश फिरवला की वरचा थर लपतो, पांढरा फिरवला की परत येतो. खालचं तोंड जसंच्या तसं राहतं. मी एकदा चिडवलं, कायले एवढी मेहनत, सरळ पुसून टाकत जा. तशी म्हणाली, "उद्या कोणी आपलं खरं तोंड मागाले आलं तं द्याले पायजे ना." गेलेल्या माणसाचा फोटो करताना तर ती लोकांशी भांडायची. लग्नातल्या ग्रुप फोटोतून म्हाताऱ्याचं तोंड काढायचं आणि खाली कोट-टाय चिकटवायचा, ही आपल्याकडची रीत. ही विचारायची, "जिंदगीभर धानाच्या बांधीत राबला बुढा, आता टाय कायले?"

आणि तिच्याच फोटोचं काय झालं... पुण्यानुमोदनाच्या, तिला श्रद्धांजली वाहायच्या दिवशी मी घरात पाऊल टाकलं तर भिंतीशी खुर्चीवर फुलांच्या हारात एक गोरी, गुळगुळीत बाई. दुसऱ्याच कोणाचा फोटो लागलाय असं वाटलं. स्टुडिओत टायमर लावून तिनं स्वतःच काढलेला तो फोटो, सरळ कॅमेऱ्यात बघणारा. डाग तेवढे गायब. मी सुरेशला बाहेर ओढलं. तो म्हणाला, "ताई, लोकं येऊन राहिले. शेवटचा फोटो तरी साफ असावा." साफ! जणू तिच्या तोंडाला चिखल लागला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी मी भंडाऱ्याला, सुरेशनं ज्याच्याकडून डाग काढून घेतले त्या फोटोवाल्याकडं गेले. म्हटलं, वरचा थर काढ, खालचा फोटो दे. तो हसला. थर नव्हताच. सुरेशनं दिलेल्या रंजनाच्याच पेनड्राइव्हमधल्या फोटोवरच त्यानं डाग पुसले होते आणि त्याच नावानं सेव्ह करून टाकलं होतं. रंजनाच्या कॉम्प्युटरवर तो फोटो नव्हता, ती स्वतःचे फोटो तिथं ठेवतच नसे. माझ्या मोबाईलमधल्या फोटोंत तर मोबाईलनंच आधी तोंड गुळगुळीत करून ठेवलेलं.

"मूळ फोटो काहून नाही ठेवला?" मी विचारलं.

"बाई, कोण मागते परत?"

"मी मागून राहिली," मी म्हटलं. त्यानं पुढच्या गिऱ्हाईकाला हाक मारली.

तालुक्यातल्या निम्म्या पोरींची खरी तोंडं तिच्या कॉम्प्युटरवर शाबूत आहेत. तिचंच नाही. हा राग माझ्यानं गिळवत नाही, आणि मी गिळणारही नाही.

परवा तिच्या घरी गेले होते. फ्रेम आता भिंतीवर लावलीय. तिची आई तंबाखू मळत बसली होती. फोटोचा विषय मी काढला नाही, म्हातारीला आणखी काय त्रास द्यायचा. तीच उठली, भिंतीला धरत फ्रेमपाशी गेली. चुन्याच्या डबीत बोट बुडवून तिनं काचेवर टेकवलं, ओठाच्या कोपऱ्याशी. मग डाव्या डोळ्याभोवती हळूहळू फिरवलं. सुरेश फडकं घेऊन धावला.

"हात नोको लावू," ती म्हणाली. "माही पोरगी आहे थे."