मोहाचं झाड कोणाचं

आमच्या महाविद्यालयात यंदा बी.ए.च्या अर्थशास्त्रात ग्रामसभा आणि वनउपज असा एक घटक आला आहे. हा विषय इथे पहिल्यांदा निघाला तेव्हा विभागप्रमुख मी होतो, म्हणून त्याची सुरुवात मी केली, असं सगळे समजतात. मला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. खोडून काढणारं कोणी उरलेलं नाही.

विभागात तेव्हा तासिका तत्त्वावर एक तरुण बाई शिकवायच्या. मालक नसलेली संपत्ती हा भाग शिकवताना एकदा त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "तुमच्या गावात मोहाचं झाड कोणाचं?" मी व्हरांड्यात होतो. एरवी मान खाली घालून उतरवून घेणारा वर्ग एकदम बोलायला लागला. जंगलातली झाडंही घराघरांची ठरलेली असतात, दुसऱ्याच्या झाडाखालची फुलं कोणी वेचत नाही.

"अन् वेचली त?" बाईंनी विचारलं.

"त गावासमोर उभं राहा लागते, मॅडम. हा राह्यला होता!"

बोलणाऱ्याने शेजारच्या मुलाकडे बोट दाखवलं आणि वर्ग हसला. माझ्या वर्गात कधी कोणी हसलं नव्हतं.

चाचणीत मुलांनी तेच लिहिलं, की मालक नसला तरी गावाचा नियम असतो. पुस्तकातलं उत्तर मात्र असं, की मालक नसला की संपत्तीची नासाडी होते. पेपर माझ्याकडे होते. आदर्श उत्तराशी जुळत नाही म्हणून मी शून्य दिलं, आणि बाई अभ्यासक्रम सोडून शिकवतात, असं प्राचार्यांच्या कानावर घातलं. तासिकेवरच्या माणसाला काढावं लागत नाही. पुढच्या वर्षी बोलावलं नाही की झालं. त्यांना बोलावलं नाही.

यंदा या घटकाचं पहिलं व्याख्यान माझं ठेवलं. मी बाईंना फोन केला. त्या आता कोरपन्याला कापडाचं दुकान चालवतात. म्हटलं, हा मान तुमचा आहे, तुम्ही या.

"तुमचं मन हलकं कराले मी गडचिरोलीले येऊ, सर? दुकान कोण पाहीन?" मग त्या म्हणाल्या, "पोरांले मात्र खरं सांगा."

सांगितलं. शून्यासकट सगळं सांगितलं. मी बसताच विभागप्रमुख उठले. "पाहा, याला म्हणतात मोठेपणा. स्वतःचं श्रेयसुद्धा सर दुसऱ्याला देऊन टाकतात." टाळ्या पडल्या. खांद्यावर शाल आली. पुन्हा उठून बोलावं असं वाटलं, पण तोवर मुलं चहाकडे निघाली होती, आणि माझ्यात तेवढा जोर नव्हता.

म्हणून हे लिहिलं. यात मोठेपणा काही नाही. तो घटक त्या बाईंचा आहे. मी त्याला शून्य दिलं होतं.