फ्रिजमधलं पाणी

जबड्याचं माप घ्यायच्या गुलाबी पावडरीचा पुदिन्यासारखा वास आला, की मला कोल्हापुरातला तो दातांचा दवाखाना आठवतो. माझी आई कबनूरला कापडाच्या मागावर कामाला होती आणि मी तिथून रोज एसटीनं डॉक्टरांची मदतनीस व्हायला यायचे. शिकवायला एक जुन्या बाई होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ती पावडर मुद्दाम कोमट पाण्यात कालवायला लावली आणि ती वाटीतच दगड झाली. पेशंटसमोर डॉक्टर माझ्यावर ओरडले, तेव्हा बाई हसून म्हणाल्या, “मागावरची पोरगी हाय, तिला काय कळतंय?” कुठल्या पाण्यानं काय होतं ते मी शिकून घेतलं. दिवाळीनंतर बाईंचेच दोन दात काढले आणि नवे बसवायला माप घ्यायचं ठरलं. मी पावडर फ्रिजमधल्या पाण्यात कालवली. डॉक्टरांनी ती भरलेला ट्रे त्यांच्या तोंडात बसवला, मला धरायला सांगितला आणि ते फोन घ्यायला गेले. पावडर काही केल्या घट्ट होईना. बाईंना उमासे येत होते, लाळ हनुवटीवरून पदरावर गळत होती. “नाकानं श्वास घ्या की,” मी म्हणाले, “मागावरची पोरगी हाय, जरा वेळ लागतोय.” माप मात्र अगदी नेमकं आलं. आज माझ्या हाताखाली पोरी शिकतात, त्यांना मी साधंच पाणी घ्यायला सांगते. पण फ्रिजमध्ये एक बाटली कायम भरलेली असते.