कंट्रोलरसाहेब आणि दोन लबाड

तमाम नाशिककरांना कळवण्यास अत्यंत खेद होतो की, गेल्या पावसाळ्यात आपल्या शहरातली एक अख्खी रेल्वे कंपनी मी एका बोटाने मोडीत काढली. कोणत्याही वर्तमानपत्राने दखल घेतली नाही, कारण ती फक्त पडद्यावर धावत होती. कंपनी कंट्रोलरसाहेबांची होती.

साहेब रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसातून निवृत्त झालेले. ते, मी आणि सांगलीचा एक दंतवैद्य असे तिघे वेबसाइटवर रेल्वेचा खेळ खेळायचो. नकाशावर रूळ टाकायचे, इंजिनं घ्यायची, एकमेकांचे रस्ते अडवायचे. आपली चाल झाली की बाकीच्यांना ईमेल. एकेक डाव सहा महिने चाले. साहेब नाशिकरोडला, मी गंगापूर रोडला. समोरासमोर बसू म्हटलं तर म्हणायचे, "तोंडी कारभार नको. लेखी पाठव." त्यांच्या मेलला जावक क्रमांक असायचा आणि शेवटी 'पोच द्यावी'.

या खेळात एक दुष्ट नियम आहे. कोणी नवं, मोठं इंजिन घेतलं की सगळ्यांची जुनी इंजिनं भंगारात जातात. साहेबांकडे सगळी जुनीच. नवं घेणं आम्हा दोघांच्या आवाक्यात आलं आणि नेमकं तेव्हाच साहेबांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं. आता या माणसाला कोण बुडवणार? आम्ही लबाडी सुरू केली. दंतवैद्याने कुठेतरी रानात फालतू रूळ टाकून चाल माझ्याकडे ढकलली, आणि मी 'वायफाय गेलंय' असा मेल टाकून चाल न करता बसून राहिलो.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला.

"तुझी गाडी चार दिवस सिग्नलला उभी आहे. कारण?"

"वायफाय गेलंय, साहेब."

"मग वायफाय गेल्याचा मेल कशावरून पाठवलास?"

मी फोन या कानावरून त्या कानाला नेला.

"तीस वर्षं ड्रायव्हर लोकांच्या थापा ऐकल्यात मी. तुझी फारच कच्ची. उद्या सकाळी मला आत नेणार आहेत. त्याआधी इथे ये आणि माझ्यासमोर इंजिन घे. दया दाखवलेला डाव नको मला."

सकाळीच गेलो. त्यांच्या खाटेच्या कडेला बसून, त्यांच्या पत्नीची, म्हणजे काकूंची, नजर टाळत, मी बटण दाबलं. नकाशावरून साहेबांच्या गाड्या एकेक करून नाहीशा झाल्या. चाल कोणाची, त्या चौकटीत त्यांचं नाव आलं. चष्मा नाकावर सारून त्यांनी सगळं तपासलं आणि चक्क खूश झाले.

"हे रीतसर झालं. आता बघा तुम्ही दोघं."

स्ट्रेचर गेल्यावर काकूंनी विचारलं, "हरले का हो ते?"

"अजून नाही, काकू. एक वाट आहे, मला दिसतेय. त्यांनाही दिसली असणार."

साडेअकरा वाजले. मग बारा. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मी त्यांना इगतपुरीच्या घाटाचे किस्से सांगत सुटलो, साहेबांचेच, काकूंना पाठ असलेले. दार उघडलं. डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली केला आणि काकूंशी दोन वाक्यं बोलले. काकू खाली बसल्या. आणि आयुष्यभर भलत्या वेळी भलतंच बोलत आलेला मी त्या डॉक्टरांना भर कॉरिडॉरमध्ये म्हणालो,

"अहो, पण चाल त्यांची आहे."