आईचा ण

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पुण्यात बी.कॉम. केलं, तिथंच नोकरी धरली. हॉस्टेलात सुरुवातीलाच मी ‘पानी’ म्हणाले आणि मुली हसल्या. मग जीभ वळवली. त्याची मला लाज नाही. तो ण मी कमावलेला आहे.

वडील गेले आणि गास गावातली आमची केळींची वाडी आईला एकटीला झेपेना, तेव्हा नोकरी सोडून परत आले. शेजारची काकू म्हणाली, पुन्याची बाई आली, आता केळींना पन इंग्रजी शिकवेल. सगळे हसले, आईनं मात्र ते मनाला लावून घेतलं. ती माझ्याशी शुद्ध बोलायला लागली. ण कुठं लागतो हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती तो सगळीकडे लावायची.

“बाहेर ऊण आहे,” ती म्हणायची. “काण बांधून जा.”

मी न हसता कान बांधायचे. शब्द जुळवताना तिच्या कपाळाला आठी पडायची. हळूहळू बोलणंच आटलं. जेवलीस का, झोप आता, एवढंच. वडिलांच्या वेळी फोन आल्यावर मी पुण्याहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. वडील शेवटी काय बोलले, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. पण एवढं मोठं सांगणं त्या उसन्या भाषेत तिला जमणारं नव्हतं.

म्हणून म्हटलं, आपणच आधी सुरुवात करावी. एका सकाळी ती पंपाजवळ होती, मी केळींत. मी हाक मारली, “आये, पानी सोड गो.”

पंप तसाच ठेवून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“माजी नक्कल करते?”

“नाही गं. मीही असंच बोलायचे ना.”

“गावातल्या हसल्या तं हसू दे. तू नको हसू.”

परत आल्यापासून ती माझ्याशी आपल्या बोलीत बोलली, ते एवढंच.

त्या संध्याकाळी काकू मागच्या ओट्यावर येऊन बसली. मी चहा घेऊन दारापर्यंत गेले. आई तिला सांगत होती, न अडखळता, मधेच हसत. ते शेवटी म्हनले, पोरीला बोलवू नका, तिची परीक्षा आहे. मला नोकरी लागून किती वर्षं झाली होती. त्यांच्या लेखी मी अजून शिकतच होते.

बाहेर पाऊल टाकलं असतं तर ती गप्प झाली असती. माझ्या बापाचं मरण मी दाराआड उभं राहून चोरून ऐकलं.