आईसाठी, माझ्या पसंतीचा कॅमेरा

आईने माझ्याकडे हक्काने मागितलं ते एकच, कॅमेरा. आणि तोही मी तिला मनासारखा घेऊ दिला नाही.

कोथरूडच्या सोसायटीत ती रोज सकाळी दारात रांगोळी काढायची. शाळेतून निवृत्त झालेली चित्रकलेची बाई, त्यामुळे रोजची रांगोळी वेगळी. दुपारपर्यंत कुणाची तरी चप्पल तिच्यावरून जायचीच. त्याआधी रांगोळीचा फोटो निघावा, एवढंच आईला हवं होतं. फोनमधले फोटो तेव्हा अगदीच धुरकट यायचे.

मी खराडीला नोकरीला, आणि अंगात लिनक्स संचारलेलं, कॉम्प्युटर चालवणारी ती फुकटची, खुली प्रणाली. सॉफ्टवेअर खुलं हवं, कुठल्या कंपनीची सक्ती नको, असं भेटेल त्याला ऐकवायचो. आईच्या कॉम्प्युटरवरही मीच लिनक्स घातलं होतं, तिला न विचारता. सक्ती नको म्हणे!

दुकानात तिने एक छोटा लाल कॅमेरा उचलला. एका हातात सहज मावणारा. तिच्या बोटांचे सांधे दुखायला लागले होते. मी खिशातून लिनक्सवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांची यादी काढली. त्यात हा नव्हता. आपल्याकडे चालणार नाही, मी जाहीर केलं आणि दुकानदाराला खुल्या सॉफ्टवेअरवर व्याख्यान दिलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "अहो, कार्ड काढून कॉम्प्युटरला लावा. कुठलाही चालतो."

त्याचं खरं होतं. मला ते त्याच क्षणी कळलं, कान तापले. पण पंधरा मिनिटं त्याला अक्कल शिकवल्यावर माघार कशी घेणार? तुम्हाला यातलं माहीत नाही, असं त्यालाच सुनावलं. आईने लाल कॅमेरा काचेवर परत ठेवला आणि आमच्या मुलाला यातलं फार कळतं, असं त्याला कौतुकाने सांगितलं.

यादीतला घेतला. काळा, जड, दोन हातांनी धरायचा. घरी केबल लावताच कॉम्प्युटरने तो ओळखला आणि मी टाळी वाजवली. त्या टाळीची आजही लाज वाटते.

आठवड्याने फोटो बघायला बसलो. एकूण एक हललेले. आई म्हणाली, "माझाच हात हलतो रे. तुझा कॅमेरा चांगला आहे."

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. दुकान दहा मिनिटांवर होतं. मी म्हणालो, "सवय होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर ती मांडीवर कॅमेरा घेऊन बोटांना तेल चोळत बसली होती.