खिडकी क्रमांक दोन

ती घटना मला आठवते ती आवाजावरून. काचा, रक्त, गर्दी हे सगळं नंतर. आधी कानात येतो तो यंत्रातल्या बाईचा गोड आवाज: "टोकन क्रमांक चव्वेचाळीस, खिडकी क्रमांक दोन."

मी पोलीस शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत निरीक्षक झालो. पाठीशी कोणी नव्हतं. त्यामुळे मिळालं ते भांडून आणि घासाघीस करून. त्या दिवशीही मी तेच केलं.

शिरोली एमआयडीसीच्या अलीकडे परप्रांतीय कामगारांसाठी एक मदत केंद्र होतं. फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या भट्टीवर राबायला आलेली माणसं नोंदणीसाठी, रेशनच्या कागदासाठी तिथं येत. सकाळी पावणेअकराला समोरच्या चहावाल्याचा ठाण्यात फोन आला. "सायब, फटाकं वाजल्यागत वाजतंय, पन आत मानसं वरडाय लागल्यात!"

ठाणे अंमलदारानं डायरीला नोंद घेतली. दहा मिनिटांत मी चार माणसं घेऊन पोहोचलो, तोवर गोळ्या थांबल्या होत्या. काचेचं दार आतून बंद, पडदे ओढलेले. रस्त्यावर दोनशे माणसं आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. कामगारांची रांग बाहेर पत्र्याखाली बसायची, म्हणून स्पीकरही तिथंच लावलेला. त्याच्याखाली रिकाम्या खुर्च्या आणि पळताना सुटलेल्या चपला. तेवढ्यात स्पीकर बोलला. चव्वेचाळीस.

दोन मिनिटांनी पंचेचाळीस. मग शेहेचाळीस पुकारल्यावर गर्दीतला एक कामगार नकळत दोन पावलं पुढं आला. त्याच्या हातात त्याच आकड्याची चिठ्ठी होती. शेजारच्यानं त्याचा शर्ट धरून मागं ओढलं.

वरिष्ठ साहेब आले. शस्त्रसज्ज पथक बंदोबस्तासाठी बाहेरगावी होतं, यायला तास लागणार होता. "तो आत बसून आपल्याला चिडवतोय," साहेब म्हणाले. "कोणीही पुढं जायचं नाही."

सवयीप्रमाणे मी प्रत्येक आकड्याची वेळ वहीत टिपत होतो. आधी दोन मिनिटांचं अंतर होतं. सत्तेचाळीस तीन मिनिटांनी आला. अठ्ठेचाळीस पाच मिनिटांनी. चिडवणारा माणूस असा मंदावत जात नाही.

एवढ्यात आमच्या हवालदारानं मागच्या उसातून एकाला धरून आणलं. केंद्राचा शिपाई, गडमुडशिंगीचा, पन्नाशीचा माणूस. अंगावर ओरखडा नाही.

"मागचं दार कसं आहे?" मी विचारलं.

"आतनं बंद हाय, सायब."

"मग तू काय भिंतीतनं आलास?"

खोटं बोलणाऱ्याचे डोळे लोक बघतात, मी हात बघतो. याची उजवी मूठ घट्ट आवळलेली होती.

"मूठ उघड."

"न्हाय सायब, काय न्हाय त्यात."

मी हात उगारला. त्यानं मूठ उघडली. किल्ली होती. तळव्यात तिचे दात रुतले होते.

"त्यो मागं यील म्हनून कुलूप घातलं, सायब." तो हमसून रडायला लागला. "माझ्या मागनं मानसं पळत हुती. म्या बगितलं त्यास्नी. तरी घातलं."

"आकडे कोण पुकारतंय?"

"मशीन."

"आपोआप?"

"न्हाय की! बटन दाबाय लागतंय. दोन नंबरच्या टेबलाखाली हाय. लोकं हात घालून दाबायची, म्हनून आत बसवलंय. त्ये तितं बसत्यात त्या ताईंबिगर कुनाला ठावं न्हाय."

मी साहेबांकडं धावलो. "सर, आत एक बाई जिवंत आहे आणि ती दमत चालली आहे. मागची किल्ली माझ्याकडं आहे. मला आत जाऊ द्या."

"पथक येऊ दे."

इथंच मी जायला हवं होतं. पण पूर्वी एकदा तोंडी आदेशावर कारवाई केली होती आणि चौकशीत साहेब लोकांनी हात झटकले होते. तो राग डोक्यात होता. "मग थांबायचा आदेश लेखी द्या," मी म्हणालो. साहेब भडकले. "तुम्ही आधी लिहून द्या, जबाबदारी तुमची म्हणून!" मी म्हणालो, माझी सही तुमच्या सहीखाली. आम्ही जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून भांडत होतो. मध्येच स्पीकर बोलला: एकोणपन्नास. दोघंही क्षणभर थांबलो. मग पुन्हा भांडायला लागलो.

पन्नास आलाच नाही. भांडणात बारा मिनिटं गेली होती. मी कागद टाकला आणि तीन माणसं घेऊन मागं पळालो.

कुलूप निघालं, दार ढकललं तरी सरकेना. पलीकडं दाराला टेकून तिघं गोळ्या लागून पडले होते. आत माणसं खुर्च्यांखाली श्वास रोखून निपचित होती. हल्लेखोर पहिल्या खिडकीपाशी पालथा होता. शेवटची गोळी त्यानं स्वतःवर झाडली होती, आम्ही पोहोचायच्या आधीच. आतले आणि बाहेरचे, सगळे एका मेलेल्या माणसाला घाबरून थांबलो होतो.

दोन नंबरच्या टेबलाखाली ती तरुण कारकून होती. खांद्यात गोळी. एक हात बटणावर, दुसऱ्या हातानं ओढणीचा बोळा एका कामगाराच्या मांडीत दाबून धरलेला. ती वाचली. तो गेला होता, पण अंग अजून गरम होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी..." आणि माझ्याकडं बघून थांबले.

तपासात कळलं, हल्लेखोरही बाहेरून आलेला, भट्टीवरचा कामगार. भट्टीनं त्याच्या बोटांवरच्या रेषा खाल्ल्या होत्या. केंद्रातलं नोंदणीचं यंत्र त्याचा अंगठा घेत नव्हतं. रजिस्टरला त्याच्या नावापुढं अकरा वेळा एकच शेरा: ठसा जुळत नाही, पुन्हा यावे. शवविच्छेदनाच्या वेळी आम्ही शाई लावून ठसे घेतले. कागदावर दहा काळे, गुळगुळीत ठिपके उमटले. त्यानं जे केलं त्याला हे कारण पुरत नाही. पण तो कागद मी फार वेळ बघत बसलो होतो.

साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. मला विनाआदेश कारवाई केली म्हणून लेखी ताकीद. ते पत्र अजून कपाटात आहे आणि तो अन्याय होता असं मी आजही म्हणतो. लग्नकार्यात, कट्ट्यावर ही गोष्ट शंभरदा सांगितली, पण ती बारा मिनिटं दरवेळी गाळून. त्या शिपायानं भीतीनं कुलूप घातलं. मी त्याच्यावर हात उगारला, आणि तीच किल्ली एका सहीसाठी खिशात घालून उभा राहिलो. आपल्यावर झालेला अन्याय माणूस किती जपतो आणि त्याची किंमत कुणाकडून वसूल होते, हे मला त्या केसनं शिकवलं.

चौथ्या दिवशी दवाखान्यात तिचा जबाब घ्यायला गेलो. सगळं नीट सांगितलं तिनं. फोन टेबलावर होता, हात वर काढायची भीती वाटली, म्हणून बटण दाबत राहिले, म्हणाली. मग विचारलं, "साहेब, बाहेर ऐकू येत होतं का?"

"येत होतं."

"एकोणपन्नास पण?"

"हो."

ती भिंतीकडं वळली. तिच्या जबाबात मी हा प्रश्न घेतला नाही. तो इथं घेतो आहे.